मदत हवी आहे : सरांचे ठसे आणि टिपणं वाचवायची आहेत

इतिहासाचे आमचे सर गेले. स्मृतिग्रंथ होईलच, पण आधी त्यांचे कागद वाचवायला हवेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या ३ नंबरमधला गौतमी बलश्रीचा (सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई) लेख, १० नंबरमधले क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख, सगळ्यांचे शाईचे ठसे (कोरीव लेखावर कागद दाबून, शाई लावून घेतलेल्या प्रती) घडी घालून ठेवलेत आणि घडीवरच कागद चिरतोय. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. गोंद पिवळा पडतो, कागद परत सुटत नाही. मऊ ब्रशने धूळ काढून, सपाट करून ६०० डीपीआयला स्कॅन करायचंय. पण ठसे ए३ पेक्षा मोठे आहेत. नाशिकमध्ये मोठा फ्लॅटबेड स्कॅनर कुणाकडे आहे? आम्लमुक्त कागद कुठे मिळेल? मोडी टिपणांच्या समासात सरांनी पेन्सिलीने शुहूर सनाचे (मराठेशाहीच्या कागदांतली जुनी कालगणना) इसवी सन मांडलेत, बारीक, पुसट. ते वाचू शकणारं कुणी असेल तर जरूर कळवा.