मदत हवी आहे: जिमनीत मागे पेट्या आणि सामान पक्कं बांधायचंय, अँकर (पट्टे अडकवायच्या कड्या) कुठे घेऊ?

मुलुंडकर

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. गाडी मारुतीची जिमनी, पाच दारी. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर, पाडली की ३३२, पण तळ सपाट होत नाही, मध्ये पायरी राहते.

सामान असं: ६०० बाय ४०० चे दोन प्लॅस्टिक क्रेट, प्रत्येकी साधारण १८ किलो. २० लिटरचा पाण्याचा कॅन. १४ किलोची टूलबॉक्स. रिकव्हरीची (अडकलेली गाडी ओढून काढायच्या सामानाची) पिशवी १० किलो. सध्या बंजी (हूकवाल्या रबरी दोऱ्या) आणि वर जाळी लावलीय. भंडारदऱ्याकडच्या कच्च्या रस्त्याला क्रेट उड्या मारत पुढे येतात आणि ब्रेक दाबला की पुढच्या सीटला धडकतात. माणसं दोनच असतो.

ॲक्सेसरीवाला म्हणतो, फ्लोअरला चार भोकं पाडून हूक लावतो, दहा मिनिटांचं काम. पाडू द्यावीत का? पट्टे रॅचेटचे (दांडीने दात-दात आवळायचे) घ्यावेत की साध्या बकलचे? आणि पायरी झाकायला प्लाय किती जाडीचा?

पान्हा_तेरा

बंजी आधी काढा. ताणलं की लांब होतं ते ओझं धरून ठेवत नाही, फक्त झुलवतं. शिवाय हूक सुटला तर सरळ डोळ्याकडे येतो.

आता हिशेब. तुमचा माल ८० किलो. बांधणीसाठी युरोपातलं ईएन १२१९५-१ हे मानक पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट ओढ धरतं, बाजूला आणि मागे ०.५ पट. म्हणजे करकचून ब्रेक मारला तर ६४ किलोची ओढ. एवढं कुठलाही बरा पट्टा पेलतो. टक्कर मात्र वेगळी गोष्ट आहे. सीटच्या पाठीची चाचणी घेणाऱ्या ईसीई आर१७ नियमात १८ किलोचे दोन ठोकळे मागे ठेवून ताशी ५० किमी वेगाची धडक देतात, आणि तिथे २० जीच्या (स्वतःच्या वजनाच्या २० पट) वर झटका बसतो. तुमचा एक क्रेट बरोबर त्या एका ठोकळ्याएवढा. १८ गुणिले २० म्हणजे ३६० किलो, एकाच क्रेटचे. अँकर या आकड्यावर निवडायचा, ब्रेकच्या आकड्यावर नाही.

म्हणून पहिलं काम पट्ट्याचं नाही, मांडणीचं. तुम्ही दोघंच असता, तर ५०:५० सीटपैकी अर्धीच पाडा. टूलबॉक्स आणि पाण्याचा कॅन उभ्या पाठीला घट्ट टेकवून, तळाला. मध्ये चार बोटं जरी मोकळी ठेवलीत तर तेवढ्यात वेग पकडून ते पाठीवर आदळतात. पाडलेल्या बाजूला क्रेट एकामागे एक, एकावर एक नाही.

आता पट्ट्याची दिशा, इथे बहुतेकांचं चुकतं. वरून सरळ खाली आवळलेला पट्टा क्रेटला फक्त दाबतो. पुढे सरकण्याला अडवतं ते खालचं घर्षण, आणि कार्पेटवर प्लॅस्टिक म्हणजे घर्षण नावालाच. पट्टा क्रेटच्या पुढच्या तोंडावरून वळसा घेऊन दोन्ही बाजूंनी *मागच्या* अँकरला गेला पाहिजे, तळाशी ३० ते ४५ अंशांत. तो पुढची ओढ धरतो. उड्या थांबवायला वरून दुसरा पट्टा. क्रेटखाली ५-६ मिमीची रबर मॅट टाका. स्वच्छ रबरावर घर्षण ०.६ च्या आसपास मिळतं, पण त्यावर धूळ बसली की गेलं, तेव्हा अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा.

रॅचेट की बकल? प्लॅस्टिक क्रेटला २५ मिमीचं कॅम बकल (पट्टा हाताने ओढायचा, बकल तो दाबून धरतं). रॅचेटने हौसेने आवळलं की क्रेटच्या भिंती आत दबतात, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत प्लॅस्टिक आणखी नमतं. तुम्हाला वाटतं आवळलंय, पट्टा सैल झालेला असतो. टूलबॉक्स लोखंडी असेल तर तिला २५ मिमीचं रॅचेट चालेल. पट्टा पॉलिएस्टरचाच घ्या, नायलॉन ओला झाला की सैलावतो. लेबलवर एलसी (पट्टा किती ओढ पेलतो) किती डेकान्यूटन ते छापलेलं असतं (१ म्हणजे जवळपास १ किलो). लेबलच नसेल तर तो पट्टा ताडपत्रीला वापरा.

खारं_वारं

भोकं पाडू देऊ नका, निदान दहा मिनिटांत तरी नाही. ड्रिल कुठे बाहेर पडणार, खाली पेट्रोलची टाकी, ब्रेकचा पाइप की वायरिंग, हे गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरं, फ्लोअरचा पत्रा एक मिमीच्या आतबाहेर. त्यात नुसता रिव्हनट (पत्र्यात दाबून बसवायचा नट) बसवला तर ओढीने पत्र्यासकट उपटतो नाहीतर जागीच गरगर फिरतो.

पाडायचंच असेल तर खालून ५० बाय ५० ची, ३ मिमी जाड लोखंडी प्लेट हवीच. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, वर रंग, आणि दोन्ही बाजूंनी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. मुंबईच्या हवेत उघडी कड एका पावसाळ्यात तांबूस होते. कंपनीच्या गंज-वॉरंटीचाही प्रश्न येतो, तो आधी विचारून घ्या.

सीट कायमची काढण्याचा मोहही नको. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आडवं येतं. सीट पाडा, काढू नका.

मुलुंडकर

भोकं रद्द! मग अँकर कशाला? सीटबेल्टचे बोल्ट चालतील का? की लहान मुलांच्या सीटच्या कड्या?

पान्हा_तेरा

दोन्ही नकोत. ते माणसांसाठी आहेत, त्यांच्यात माल अडकवायचा नाही. हेडरेस्टच्या दांड्या आणि प्लॅस्टिक ट्रिमवरचे पिशवीचे हूकही विसरा.

कंपनीने दिलेले मालाचे हूक असतील तर मॅन्युअलमध्ये त्यांची क्षमता पाहा. बाकी उपाय म्हणजे प्लायचा तळ करून तो सीटच्या बिजागरीच्या बोल्टांना पट्टीने धरायचा. पट्टी ३ मिमीची असेल तर बोल्टही ३ मिमी लांब, आट्यांचा पिच आणि डोक्यावरचा ग्रेड मूळचाच. तोच जुना बोल्ट परत लावलात तर आटे कमी बसतात, आणि मग सीटच धोक्यात. आवळायचा टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला.

प्लाय १२ मिमी मरीन, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का पाहून. एक चौरस मीटरला ८-९ किलो भरतो. १८ मिमी घेतलात तर १२-१३, आणि गाडीची एकूण क्षमता माणसांसकट जेमतेम ३३५ किलो आहे, ती लाकडावर का घालवायची? पायरीखाली आधाराची पट्टी दिलीत तर १२ पुरतो. कापलेल्या कडांना पीयू वार्निशचे दोन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

प्लायवर एम१० चे (१० मिमी जाडीचे) आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेले. डीआयएन ५८० (जर्मन मानक) चा असेल तर सरळ ओढीला २३० किलो, ४५ अंशांत १७०. हे उचलण्याचे आकडे, त्यात सुरक्षेची सूट धरलेली असते. एम८ ला सरळ ओढीला १४० च. लाकडी स्क्रूवर हूक अजिबात नको, आरपार बोल्ट आणि खाली प्लेट. वाकवलेल्या सळईचे स्वस्त आय-बोल्ट उलगडतात. घडीव, बंद कडीचे घ्या. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर मिळतील, एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलची एक जात) मागा. दुकानदार ३०४ पुढे करेल, खाऱ्या हवेत त्यावर डाग येतात.

घाटवाट

थोडी भर. पट्टा क्रेटच्या झाकणावरून न्या, बाजूच्या मुठीतून नको. मूठ तडकली की झाकण उघडतं आणि भांडी गाडीभर. पाण्याचा कॅन पूर्ण भरा नाहीतर रिकामा ठेवा, अर्धा भरलेला डचमळतो आणि पट्टा ढिला करतो. रिकव्हरीच्या पिशवीतले डी-शॅकल (लोखंडी जोडकड्या) सुटे नकोत, ती सगळ्यात वाईट गोफण.

पेट्रोलचा कॅन केबिनमध्ये नाही म्हणजे नाही. १ किलोचा अग्निशामक लोखंडी ब्रॅकेटमध्ये, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा. या सगळ्या सामानाखाली गाडला तर असून नसल्यासारखा.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. शनिवारी नागदेवीला जातो. क्रेटला दोन, टूलबॉक्स आणि कॅनला एकेक, असे सहा पट्टे धरतोय, बरोबर?

पान्हा_तेरा

क्रेटला प्रत्येकी दोन धरलेत तर बरोबर. पिशवीचा एक राहिला, सात घ्या. कच्चा रस्ता लागल्यावर पहिल्या १५-२० किमीला थांबून सगळे पुन्हा ओढा, आणि उरलेली शेपटं गुंडाळून बांधा, दारात अडकतात.