अँबेसिडरचा डिस्ट्रिब्युटर: बुश बदलायचा की किट टाकून मोकळं व्हायचं?

टर्नरगडी (जालना)
नवख्यांसाठी: डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा डबा; पॉइंट हा त्यातला उघडझाप करणारा संपर्क, कंडेन्सर पॉइंटला जळण्यापासून वाचवतो, आणि किट म्हणजे पॉइंटऐवजी बसणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. काल इथं एकानं लिहिलं: "१४८९ सीसी पेट्रोल अँबेसिडरचा डिस्ट्रिब्युटर खोलत बसणं म्हणजे वेळेचा सत्यानाश. पॉइंट-कंडेन्सर काढा, चुंबकाचं किट टाका, मोकळे व्हा." आणि खाली अंगठ्यांची रांग!

मोकळे कशातून व्हायचं? कॅप (वरचं झाकण) काढा, शाफ्टच्या डोक्यावरचा रोटर धरा, शाफ्ट आडवा हलवून बघा. पॉइंटची गॅप असते ०.३५ ते ०.४० मिमी. शाफ्ट ०.१ मिमी खेळला की चौथा हिस्सा तिथंच गेला. कॅमच्या एका लोबला (उंचवट्याला) गॅप ०.३५, पुढच्याला ०.४५. टायमिंग लाइट लावली की खूण एका जागी उभी राहात नाही, नाचते. मग मिस्त्री कार्बोरेटर पिळत बसतो.

रोग बुशचा आहे, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीचा. काम असं करा. शाफ्टच्या खालच्या डॉगची (इंजिनशी जोडणाऱ्या तुकड्याची) जीभ मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. म्हणून डॉग आणि शाफ्टवर आधी पंचनं खूण करा, मगच पिन काढा. पिनेचं डोकं कानशीनं घासून पंचनं बाहेर ठोका. वजनं आणि स्प्रिंगा जशा निघतील तशा ओळीनं कापडावर ठेवा. एक स्प्रिंग हलकी, एक जड असते, अदलाबदल झाली की अॅडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडणं) बोंबललाच. नवा बुश सच्छिद्र असतो, तो २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. घाई असेल तर १०० अंशाच्या तेलात २ तास. मग पायरीच्या मँड्रेलवर (दांड्यावर) प्रेसनं बसवा. भोक घासून मोठं करणारा रीमर अजिबात घालायचा नाही, बुशची बारीक छिद्रं बुजतात आणि तेल धरणं बंद होतं.

किटवाला (परभणी)
दादा, एवढं पुराण वाचेपर्यंत किट बसून गाडी पाथरीला जाऊन येते. ३००० आरपीएमला पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो. झिजणारच. चुंबकाला झीज नाही.

टर्नरगडी (जालना)
चुंबकाला नाही, शाफ्टला आहे. किट बसतं कोणत्या शाफ्टवर? वजनं, स्प्रिंगा, व्हॅक्यूमची (इंजिनच्या ओढीनं फिरणारी) प्लेट, सगळं जुनंच राहतं. कॅमच्या पायावर आकडा ठोकलेला असतो, तो कमाल अॅडव्हान्स, डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत. क्रँकला (इंजिनच्या मुख्य शाफ्टला) दुप्पट धरायचा. गंजून वजनं अडकली असतील तर तो आकडा कागदावरच राहतो, किट काय करणार?

वायरमन (नांदेड)
दोघांचंही अर्धं खरं. आडव्या खेळाचा त्रास किटमध्ये पॉइंटपेक्षा कमी जाणवतो, हे मान्य करा दादा. पण किटवाले एक गोष्ट सांगतच नाहीत: ठिणगीचा दाब बनवणारी कॉइल मोजली का? तिची प्रायमरी (पहिली गुंडाळी) ३ ओहमची असेल तर थेट १२ व्होल्ट चालतात. दीड ओहमची असेल तर करंट कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर पाहिजेच, नाहीतर कॉइलही गेली आणि किटही. आणि इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडली की बरेच किट भाजतात.

आणि निम्म्या गाड्यांत दोष बुशचाही नसतो. पॉइंटकडं जाणारी पातळ वायर आवरणाच्या आत तुटलेली असते. वरून धडधाकट दिसते. व्हॅक्यूमनं प्लेट फिरली की ताण येतो आणि गाडी मिस मारते, सोडलं की ठीक. प्लेटपासून बॉडीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी पण बघा. पन्नास रुपयांत भागणाऱ्या कामासाठी लोक डिस्ट्रिब्युटर बदलायलेत.

किटवाला (परभणी)
व्हॅक्यूमचं नाव कामून काढता? निम्म्या गॅरेजात नळी काढून स्क्रू ठोकलेला असतो, "पिकअप येतो" म्हणून.

टर्नरगडी (जालना)
हे मात्र बरोबर बोललात, पहिल्यांदाच. नळी तोंडात धरून ओढा आणि जिभेनं बंद करा. प्लेट सरकून तशीच थांबली तर डायाफ्राम (आतला पडदा) चांगला. मागं आली तर फाटलाय.

घाटातला (बीड)
हे सगळं थंडीतलं ज्ञान. मे महिन्यात भर दुपारी मांजरसुंबा घाटात गाडी बंद पडते त्याचं बोला. कंडेन्सर तापला की गेला, सरळ हिशोब. पॉइंट पांढरे पडलेले असतात.

वायरमन (नांदेड)
दर वेळी कंडेन्सरच नसतो. गाडी थांबली की आधी कॅपच्या मधली मोठी वायर उपसा, इन्सुलेटेड पक्कडीनं ब्लॉकपासून ६ मिमीवर धरा, सेल्फ मारा. निळा करंट (ठिणगी) टणत्कारानं उडाला तर डिस्ट्रिब्युटरला शिव्या देणं बंद करा, बहुधा नळीत पेट्रोलची वाफ झालीय, ती पेट्रोल अडवते. पिवळा, मरतुकडा उडाला तर कॉइल-कंडेन्सरकडं बघा. कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. एका पॉइंटवर डोंगर, दुसऱ्यावर खड्डा दिसला तर तोच दोषी. आणि लोक काय करतात? ओलं फडकं इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर टाकतात, तसंच कॉइलवर पण टाकतात. गाडी चालू झाली तरी नेमकं कशानं, ते कधीच कळत नाही.

घाटातला (बीड)
वाफ पूर्वी होत नव्हती का? आता होते, कारण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. पंपाचा जुना रबरी डायाफ्राम फुगतो, नळ्या मऊ पडतात.

ऊसकरी (लातूर)
झालं, फिरून आलात उसावर. गाडी पन्नास वर्षांची, नळी तीस वर्षांची, आणि दोष ऊसवाल्याचा! कारखान्याच्या इथेनॉलनं उसाचे पैसे निघायलेत, तेवढं तरी बघवत नाही का?

घाटातला (बीड)
२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा ऊस कोण पाजत होतं, ते सांगा आधी.

ऊसकरी (लातूर)
पाण्याचा आणि पेट्रोल पंपाचा संबंध काय, मालक? ठिबकवर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, येतो मी. आणि ज्वारी पिकवून दाखवा भावात.

किटवाला (परभणी)
लेकांनो, डिस्ट्रिब्युटर!

वायरमन (नांदेड)
भांडा खुशाल, पण रबराचं बीडकरांचं म्हणणं खोटं नाही. इथेनॉल चालेल असा डायाफ्राम आणि नळी घाला. नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा, पंप आणि ब्लॉकच्या मध्ये जाड इन्सुलेटर टाका. यातलं काहीच डिस्ट्रिब्युटरमध्ये येत नाही, हेच मी मघापासून सांगायलोय.

घाटातला (बीड)
बरं बाबा, मोठ्ठा करंट तपासून मगच शिव्या देतो. समाधान?

किटवाला (परभणी)
समजा दादांचं ऐकलं. बुश घातला, पॉइंट नवे घातले. तरी गाडी चालू होईना तर?

टर्नरगडी (जालना)
तर पॉइंटच्या खुंटावरचे वॉशर उलटे लावलेत. जुन्या दोन तुकड्यांच्या पॉइंटला कंडेन्सरची आणि कॉइलची वायर स्प्रिंगला टेकली पाहिजे, खुंटाला किंवा नटाला नाही. प्लास्टिकचा टोपीवॉशर मध्ये पाहिजे. तो विसरला की पॉइंट उघडूनही सर्किट अर्थच राहतं, करंट शून्य. ते ठीक असेल तर रोटर बघा. स्वस्त रोटरची रिव्हेट आतून शाफ्टपर्यंत करंट सोडते. आणि डॉग उलटा बसला असेल तर रोटर १८० अंश फिरलेला असतो, १ ची वायर ४ च्या जागी, ३ ची २ च्या जागी घालून बघा.

चालू झाली की ड्वेल (पॉइंट मिटलेला राहतो तो कोन) ६० अंशांवर आणा, ३ अंश इकडंतिकडं चालेल, आणि टायमिंग त्यानंतर. उलट केलं तर फुकट, कारण गॅप हलली की टायमिंग पण हलतं.

किटवाला (परभणी)
ठीक. बुश दाबायला चांगला टर्नर कुठं मिळतो ते सांगा. मिळाला नाही तर माझं किट आहेच.

टर्नरगडी (जालना)
जिथं रीमर मागायच्या आधी "बुश तेलात ठेवला होता का" असं विचारतात, तिथं द्या.