स्विमिंग पूलचा जुना गिलावा पोकळ वाजतोय, सगळा काढायचा का?

प्रश्न: नवा थर द्यायला पूल रिकामा केलाय. हातोडीने ठोकलं तर तिसरा हिस्सा बद्द वाजतो, उतारावर फुगेही आहेत. तेवढाच काढला तर चालेल?

उत्तर १: तिसरा हिस्सा सुटलाय म्हणजे उरलेल्याचाही भरवसा नाही. सगळा काढून काँक्रीटपर्यंत जा. ठिगळच लावायचं असेल तर घट्ट आवाज येईपर्यंत सरका आणि तिथे ग्राइंडरने कड उभी कापा. निमुळती कड सगळ्यात आधी उचलते.

उत्तर २: त्याआधी तळाचा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (जमिनीखालच्या पाण्याचा दाब वाढला की ते पूलमध्ये येऊ देणारी झडप) तपासा. भूजल वर असेल तर रिकामा पूल अख्खा उचलला जाऊ शकतो. फुग्यामागून पाणी झिरपत असेल तर ती गळती आधी बंद करा, नाहीतर नवा थरही सुटणार.

उत्तर ३: ॲसिडने धुतलंत तर सोडा ॲशच्या (सोडियम कार्बोनेटच्या) पाण्याने त्या ॲसिडचा असर मारा, मग प्रेशर वॉशर. धूळ राहिली की पकड गेली! बाँड कोट (नवा गिलावा धरून ठेवणारा लेप) वाळू द्यायचा की ओल्यावरच गिलावा चढवायचा, हे डब्यावर बघा. इथेच बहुतेक चुकतात. थर 10 ते 12 मिमी. नंतर पाणी एका दमात भरा, मध्ये थांबलात तर तिथे कायमची रेघ उमटते.