सेन्सर मोजतो ते अंतर
कचरापेटी किती भरली हे कळवणारे सेन्सर पेट्यांमध्ये बसवले की कचरागाड्यांच्या फेऱ्या आपोआप कमी होतील, हे मत मला अर्धेच पटते. झाकणाखालचा अल्ट्रासोनिक सेन्सर ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून कचऱ्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर काढतो. त्यामुळे पुठ्ठ्याचे एखादे न दुमडलेले खोके तोंडाशी तिरके अडकले, तर खाली निम्मी जागा रिकामी असूनही पेटी ‘भरली’ असाच निरोप जातो. काच, कागद यांच्या पेट्या अनियमितपणे भरतात, म्हणून तिथे ही पद्धत खरोखर उपयोगी पडते. ओला कचरा मात्र, पेटी पाव भरलेली असली तरी, कुजण्यापूर्वी उचलावाच लागतो (दुर्गंधी पेटी भरायची वाट पाहत नाही). शिवाय गाडीचा मार्ग या नोंदींनुसार बदलणार नसेल, तर एकही फेरी वाचणार नाही.