मदत हवी आहे: पायथॉन पॅकेजांच्या आवृत्त्या ताडताना 'एक्स्ट्रा' (पॅकेजच्या मागितल्यावरच येणाऱ्या ऐच्छिक भागांच्या) अटी निसटतात

डिप्लॉयआधी बसवलेल्या आवृत्त्या तपासणारी स्क्रिप्ट आहे. अटी (कुठल्या पॅकेजला दुसऱ्या कुठल्या पॅकेजची कोणती आवृत्ती लागते) 'इम्पोर्टलिब.मेटाडेटा'मधून, तुलना 'पॅकेजिंग' लायब्ररीच्या स्पेसिफायरसेटने. साधी स्ट्रिंग-तुलना नको, तिथे '१.१०' ही '१.९'पेक्षा लहान ठरते.

प्री-रिलीजचं (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी आवृत्त्यांचं, उदा. आरसी) कोडं सुटलंय. बसवलेल्या पॅकेजांच्या अटी तपासणाऱ्या 'पिप चेक'सारखंच 'कन्टेन्स'ला 'प्रीरिलीजेस=ट्रू' दिलंय, त्यामुळे '>=१.४' ला '२.०आरसी१' चालते. '<२.०' ला मात्र तीच आवृत्ती ट्रू देऊनही चालत नाही. क्रमाने ती २.०च्या आधीची, पण पेप ४४० (पायथॉनचं आवृत्ती-क्रमांकांचं प्रमाण) तिला मुद्दाम वगळतं. ते योग्यच, नाहीतर २.०मधले मोडतोड करणारे बदल आरसीतून आत शिरतील.

खरी अडचण एक्स्ट्राची. 'उव्हिकॉर्न[स्टँडर्ड]' बसवलं, तरी स्टँडर्ड मागितलं होतं याची नोंद बसवलेल्या मेटाडेटात राहत नाही. मार्करला (अट कधी लागू होते ते सांगणाऱ्या शर्तीला) 'एक्स्ट्रा' रिकामं मिळालं की त्या अटी गुपचूप गळतात आणि तपासणी हिरवी दिसते. हे फार घातक आहे.

सध्या रिक्वायरमेंट्स फाइलमधून एक्स्ट्रा उचलून प्रत्येकासाठी मार्कर वेगळा तपासायचा विचार आहे. पण अवलंबित पॅकेजही पुढे एक्स्ट्रा मागतात, कधी स्वतःचेच. पॅकेज आणि एक्स्ट्रा अशी जोडी 'पाहिलेली' म्हणून नोंदवत खाली उतरणं पुरेसं आहे का? की लॉकफाइलवरूनच (सगळ्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवलेल्या फाइलवरून) ताडावं? कुणी चालवत असाल तर नेमकी पद्धत सांगा.