गणपतीची शिल्लक आणि वेस्ट फिलाडेल्फियातली मुलं

प्रेषक: निखिल, सामाजिक उपक्रम समिती

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाची सगळी देणी भागवून ३,००० डॉलर शिल्लक आहेत. दरवर्षीसारखं थोडं इकडे, थोडं तिकडे वाटण्याऐवजी यंदा एक वेगळा विचार पुढे आलाय. वेस्ट फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे. नववी ते बारावीची पंधराएक मुलं तिथे शनिवारी जमतात. समाजकार्य, निधी उभारणं, नेतृत्व यांत त्यांना मार्गदर्शक हवे आहेत. आपल्याकडे डॉक्टर, आयटीवाले, बँकवाले भरपूर. सहा शनिवार, सहा व्याख्यानं, मग प्रमाणपत्र आणि दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर सत्कार, असा आराखडा केला आहे. इच्छुकांनी नावं कळवावीत.

निखिल

*

प्रेषक: वसंत, कोषाध्यक्ष

चि. निखिल,

उत्साह चांगला आहे. पण वर्गणीदारांना विचारलंस का? हा पैसा लोकांनी गणपतीपुढे ठेवलेला. हॉलचं भाडं वाढलंय, मराठी शाळेला पुस्तकं हवीत. आणि रागावू नकोस, पण आपला आणि त्यांचा नेमका संबंध काय? उद्या वार्षिक सभेत कोणी हे विचारलं तर उभं मला राहावं लागतं.

वसंतकाका

*

प्रेषक: मेधा

नमस्कार काका, निखिल आणि मंडळी,

आधी संबंधाचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना. (सोडवणाऱ्यांना, सुटलेल्यांना नव्हे. पण सुटलेले स्वतः काय करत होते हे तेव्हा पुण्यात बसून कळणार तरी कसं?) दुसरा संबंध घरातलाच आहे. ज्या चळवळीने १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा करून घेतला, तिच्याच रेट्यात १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला आणि देशागणिक ठरलेले जुने कोटे गेले. काका, तुम्ही त्याच कायद्याने आलात. त्या चळवळीत लाठ्या कोणी खाल्ल्या ते कोजागिरीला तुम्हीच आम्हाला सांगता.

आता निखिलचा आराखडा. व्याख्यानं मला अजिबात पटत नाहीत. या शहरातल्या काळ्या मुलांना दान कसं करावं हे आपण सांगायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन वारकऱ्यांना अभंग शिकवायचे.

रिचर्ड ॲलन आणि ॲबसलोम जोन्स यांनी इथे १७८७ मध्ये फ्री आफ्रिकन सोसायटी हे काळ्या लोकांचं परस्पर मदतीचं मंडळ काढलं. दोघेही जन्माने गुलाम. ॲलननी तर पैसे मोजून स्वतःची सुटका करून घेतलेली. वर्गणी महिन्याला एक शिलिंग. वर्षभर ती भरली की गरजूला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मदत, फक्त ती अडचण स्वतःच्या बेफिकिरीने ओढवलेली नसावी. विधवांची सोय आणि वारलेल्या सभासदांच्या मुलांचं शिक्षण हेही नियमांत होतं. आपल्या मंडळाची घटना इतकी नेटकी नाही!

पुढचं खास काकांसाठी. १७९३ मध्ये शहरात पिवळ्या तापाची साथ आली. तेव्हा देशाची राजधानी इथेच होती. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून गेले, पाचेक हजार माणसं दगावली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही असा शहरातले नावाजलेले डॉक्टर बेंजामिन रश यांचा समज होता, म्हणून त्यांनी या मंडळींना हाक घातली. लोक घरोघरी शुश्रूषेला गेले, प्रेतं उचलली. समज खोटा निघाला, त्यांच्यातलेही दोनशेहून जास्त गेले. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने छापलं की काळ्या परिचारकांपैकी काहींनी अडल्या लोकांना लुबाडलं. त्यावर ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये पुस्तिका काढून अख्खा जमाखर्चच लोकांपुढे ठेवला. आले किती, शवपेट्यांना किती, मजुरांना किती. खर्च जमेपेक्षा जास्त होता आणि फरक त्यांच्या खिशातून गेला होता.

आणि हे सगळं जुनंपुराणं म्हणाल, तर १९९५ मध्ये मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गच्या ओसिओला मॅकार्टींनी आयुष्यभर लोकांचे कपडे धुऊन साठवलेल्या पैशांतले दीड लाख डॉलर विद्यापीठाला शिष्यवृत्त्यांसाठी दिले. त्यांची शाळा सहावीतच सुटली होती.

तेव्हा देण्याची वृत्ती त्या मुलांच्या घरातच आहे. मुलांच्या हाती येत नाही ती ठरवण्याची सत्ता. मिशिगनमध्ये केलॉग फाउंडेशन या मोठ्या दानसंस्थेच्या पैशातून गावोगावच्या कम्युनिटी फाउंडेशनांनी (गावासाठी निधी जमवून वाटणाऱ्या स्थानिक संस्थांनी) १९८० च्या दशकाच्या शेवटापासून मुलांच्या समित्या उभ्या केल्या. खरा पैसा, खरे अर्ज. वाचायचे मुलांनी, मतदानही त्यांचंच. माझा प्रस्ताव तोच आहे. ३,००० डॉलर त्या पंधराजणांनी वाटावेत. मोहल्ल्यातून अर्ज मागवावेत, जागेवर जाऊन बघावं, भांडावं, ठरवावं.

आपलं काम मागच्या बाकावर बसून. अर्जातलं बजेट कसं वाचायचं, आकडे जुळत नसतील तर कोणता प्रश्न विचारायचा, एवढं दाखवायचं. एखाद्या मुलीच्या मावशीच्या पाळणाघराचा अर्ज आला तर त्या चर्चेत ती खोलीबाहेर जाते हा नियम त्यांनी आधीच करावा. (आपल्याकडे केटरिंग ठरवताना कोण कोण खोलीत असतं ते मी लिहीत नाही.) सगळ्यात अवघड असतं नकाराचं पत्र. रोज ज्या बाईंच्या दुकानावरून शाळेत जायचं त्यांनाच 'या वेळी नाही' असं कारणासकट कळवायचं, सोळाव्या वर्षी. नेतृत्व म्हणतात ते इथे कळतं, व्याख्यानातून नाही. आणि मुख्य मार्गदर्शक त्यांच्याच वस्तीतले असावेत. आपण जोडीला.

प्रमाणपत्र आणि सत्कार कृपया वगळा.

मेधा

*

प्रेषक: अनघा

मेधाताईंना अनुमोदन. थोडं कागदपत्रांचं:

पेनसिल्व्हेनियात मुलांबरोबर नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांना राज्य पोलिसांचा दाखला आणि बालशोषणाच्या नोंदीत नाव नसल्याचा दाखला लागतो. दोन्ही स्वयंसेवकांना फुकट आहेत, ऑनलाइन अर्ज करता येतो. राज्यात सलग दहा वर्षं राहिला नसाल तर एफबीआयला बोटांचे ठसेही द्यावे लागतात. न्यू जर्सीतून नवीन आलेल्यांनी लक्ष द्यावं. आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत, कौतुक म्हणूनही नाही.

*

प्रेषक: वसंत, कोषाध्यक्ष

मेधा,

शवपेट्यांचा हिशेब वाचला. माझी हरकत मागे. मात्र चेक संस्थेच्या नावाने निघेल आणि तिचं ५०१(सी)(३) चं, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असल्याचं पत्र आधी माझ्याकडे येईल. मुलांच्या बैठकांचं इतिवृत्त आपल्या फाइलला हवं. पैसे कोणाला द्यायचे यात आपण बोलायचं नाही हे मान्य, अगदी आपल्याला न आवडणाऱ्याला दिले तरी. त्यांना सरावासाठी एखादा जुना जमाखर्च तपासायचा असेल तर आपला गेल्या वर्षीचा मी घेऊन येतो. अनघाने सांगितलेल्या दाखल्यांचे फॉर्म आजच भरतो.

*

प्रेषक: निखिल

संस्थेच्या संचालिकांशी बोललो. मेधाताईंचा आराखडा त्यांना पसंत आहे. मुलांचं म्हणणं असं, की मार्गदर्शक ते निवडणार. पहिल्या शनिवारी प्रत्येकाची वीस मिनिटं मुलाखत, प्रश्न त्यांचे. आतापर्यंत चार नावं आली आहेत. काका, तुमची वेळ अकरा वाजता. जमाखर्च घेऊन या म्हणाले आहेत.