जँगो अ‍ॅडमिनची यादी कुठवर वाढवायची?

गुलटेकडी_कोडर: मार्केट यार्डातल्या एका आडत्यासाठी आवक आणि पट्ट्यांची (विकलेल्या मालाच्या हिशेबाची शेतकऱ्याला दिली जाणारी बिलं) सिस्टीम जँगोमध्ये, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, करतेय. दिवाणजी दिवसभर अ‍ॅडमिनच्या, म्हणजे जँगोबरोबर तयार मिळणाऱ्या व्यवस्थापन पानांच्या, यादीवरच बसतात. माझं ठाम मत आहे की वेगळा फ्रंटएंड (वापरणाऱ्यासाठीची स्वतंत्र पानं) लिहू नये. लिस्ट_डिस्प्लेमध्ये, म्हणजे यादीच्या रकान्यांत, शेतकरी, माल, वजन, पट्टीची रक्कम. बाजूला गाळणीसाठी लिस्ट_फिल्टर, वर तारखेनुसार शोधायला डेट_हायरार्की. पट्टीची स्थिती लिस्ट_एडिटेबलने तिथल्या तिथे बदलता येते. छोट्या गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात हो!

कर्वेनगरकर: नाही पटलं. अ‍ॅडमिन संस्थेच्या अंतर्गत कामापुरतं आहे, सगळा फ्रंटएंड त्यावर उभारू नका, असं जँगोच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये म्हटलंय. आवक, वजन, लिलाव, पट्टी हा क्रम आहे. यादीला क्रम कळत नाही, तिला फक्त टेबल कळतं.

गुलटेकडी_कोडर: दिवाणजी अंतर्गतच माणूस आहे ना! शेतकऱ्याला मी अ‍ॅडमिन दाखवत नाहीये.

डेटाबेसवाली: वाद चालू द्या, पण रक्कम कशी काढताय? मेथडमध्ये प्रत्येक पट्टीच्या ओळींची बेरीज करत असाल तर पानावरच्या प्रत्येक नोंदीला एक वेगळी क्वेरी (डेटाबेसकडे विचारणा) जाते. पानावर मुळात १०० नोंदी असतात, म्हणजे १०० जादा क्वेऱ्या. यादीच्या नोंदी आणणाऱ्या गेट_क्वेरीसेटमध्ये अ‍ॅनोटेट करा, म्हणजे बेरीज त्याच क्वेरीत होईल, आणि अ‍ॅडमिन.डिस्प्लेला ऑर्डरिंग द्या, म्हणजे त्या रकान्यावर क्रमही लावता येईल. नोंदी लाखांत गेल्या की शो_फुल_रिझल्ट_काउंट (गाळलेल्या यादीतही सगळ्या नोंदींची मोजणी) बंद करा.

कर्वेनगरकर: माझा खरा आक्षेप लिस्ट_एडिटेबलवर आहे. एका दिवाणजीने सकाळी यादी उघडून ठेवली. मधे दुसऱ्याने एक पट्टी ‘अदा’ केली. पहिल्याने दुपारी दुसरीच ओळ बदलून सेव्ह केलं, तर त्याच्या पानावरची जुनी स्थितीही फॉर्मबरोबर जाते. जँगो ती डेटाबेसमधल्या ताज्या स्थितीशी ताडून पाहतं, फरक दिसतो, आणि ‘अदा’ची पट्टी पुन्हा ‘बाकी’ होते. कोणालाही इशारा मिळत नाही. शेतकऱ्याला दोनदा पैसे जातील.

गुलटेकडी_कोडर: हे मान्य. लिस्ट_एडिटेबल आजच काढते. निवडलेल्या पट्ट्यांवर ‘अदा करा’ अशी अ‍ॅक्शन (यादीवरची एकगठ्ठा आज्ञा) ठेवते. तरी वेगळी स्क्रीन लिहिणार नाही.

डेटाबेसवाली: मग अ‍ॅक्शनमध्ये नुसतं अपडेट वापरू नका. त्यात मॉडेलची सेव्ह मेथड चालत नाही, सिग्नलही (बदल झाल्याच्या आतल्या सूचना) जात नाहीत, आणि अ‍ॅडमिनच्या इतिहासात आपोआप नोंद होत नाही. ती नोंद करणारं लॉग_चेंज स्वतः बोलवा. पट्टी कोणी अदा केली हे आडत्याला दिसलंच पाहिजे.

कर्वेनगरकर: एवढं सगळं हाताने लिहायचं, तर स्वतःचा व्ह्यू, म्हणजे वेगळ्या पानाचा कोड, लिहायला किती वेळ लागतो? मी अजून तिथेच आहे.